अडाण्यापासून दरबारीपर्यंत

“अमीर खाँसाहेबांचे गाणे ऐकायचे आहे; सुरुवात कोठून करावी?” हा प्रश्न इंदुरात गाणे शिकवणाऱ्या माणसाला वरचेवर ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. खाँसाहेब इंदूरचे. त्यांच्या गायकीला स्वतः त्यांनीच ‘इंदूर घराणे’ असे नाव दिले, आणि त्यांच्या नावाने ह्या शहरात समारोहही भरतो. इतके असूनही, चार सुशिक्षित मराठी घरांत जाऊन विचारले तर खाँसाहेबांचे नाव सर्वांना ठाऊक असते, त्यांचे गाणे मात्र एखाद्याच घरात खरोखर वाजत असते. नावाचा अभिमान आणि गाण्याचा परिचय ह्यांत एवढे अंतर दुसऱ्या कोणा गवयाच्या बाबतीत क्वचितच पडले असेल.

ह्या अंतराला ऐकणारे जबाबदार आहेत असे मला वाटत नाही. सल्ला देणारे जबाबदार आहेत. नव्या माणसाने विचारले की जाणकार गृहस्थ डोळे मिटून सांगतात, “मारवा ऐका.” तो बिचारा मोबाईलवर मारवा लावतो, दहा मिनिटे निष्ठेने ऐकतो, मग चहा ठेवायला म्हणून उठतो तो परत बसत नाही. आणि मनाशी एक निकाल देऊन टाकतो : “आपल्याला शास्त्रीय गाणे समजत नाही.” हा निकाल मला फार खटकतो, कारण तो सहसा फिरवला जात नाही. मारवा न आवडल्याने मारव्याचे काही बिघडत नाही. पण एक कान कायमचा मिटतो.

मारव्याची ती ध्वनिमुद्रिका थोर आहे ह्यात वाद नाही. १९६० साली निघालेल्या त्या दीर्घ तबकडीच्या एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रणांत इतक्या तोलाची जोडी शोधून सापडणे कठीण. पण मारवा हा राग मुळातच आडमुठा. त्यात पंचम नाही, म्हणजे बसायला मधली पायरी नाही. आणि षड्ज असून नसल्यासारखा. गवई कोमल ऋषभ, धैवत आणि निषाद ह्यांच्याभोवती फिरत राहतो, घराच्या दारापर्यंत येतो आणि आत न शिरता पुन्हा वळतो. ज्याला षड्जाची ओढ म्हणजे काय हे आधीच कळलेले आहे, त्याला ह्या हुलकावणीत आनंद आहे. ज्याला षड्जच अजून नीट भेटलेला नाही, त्याला ती नुसती अस्वस्थता. त्यातून लय अतिविलंबित. पोहायला शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी नर्मदेच्या डोहात ढकलण्यापैकी हा प्रकार.

माझा सल्ला ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण मी तो गेली कित्येक वर्षे बदललेला नाही. सुरुवात चित्रपटापासून करावी. शांतारामबापूंचा ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि त्याचे वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेले शीर्षकगीत. राग अडाणा, गायक अमीर खाँ. काही मिनिटांचे काम आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ते चित्रपटगृहात बसून ऐकलेले आहे, आणि ऐकताना आपण एका मोठ्या उस्तादाचे गाणे ऐकत आहोत ही जाणीव त्यांच्यातल्या निम्म्यांना नसेल. नसली म्हणून काय बिघडले?

आठ्या पडतात त्या “चित्रपटातले गाणे ते काय खाँसाहेबांचे गाणे?” म्हणून. ह्यावर माझे उत्तर असे की, खाँसाहेबांना ज्याची लाज वाटली नाही त्याची आपण का बाळगावी? ‘बैजू बावरा’ (१९५२) मध्ये नौशाद यांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली ते गायले. त्यातली तानसेन आणि बैजू यांच्या स्पर्धेची देशी रागातली जुगलबंदी सर्वांना माहीत आहे. बैजूसाठी आवाज होता पं. द. वि. पलुसकरांचा, म्हणजे विष्णु दिगंबरांच्या चिरंजीवांचा, आणि तानसेनासाठी अमीर खाँचा. कथेप्रमाणे तानसेनाने हरायचे होते. तेव्हा वयाने आणि अनुभवाने थोरल्या गवयाने, नऊ वर्षांनी लहान असलेल्या पलुसकरांपुढे पडद्यावर हार खायची, असा तो मामला. ती जुगलबंदी पुन्हा एकदा नीट ऐका. पलुसकरांचा आवाज उजळ, सरळ, देवघरातल्या समईसारखा. खाँसाहेबांचा भरीव आणि गडद. हरणारा माणूस कोठेही आवाज चढवून आपले श्रेष्ठत्व सुचवू पाहत नाही. तीन वर्षांनी, १९५५ साली, पलुसकर अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यामुळे ही भेट आता दुप्पट मोलाची झाली आहे.

पण मूळ मुद्दा अडाण्याचा. अडाणाच का? एक तर तो चढा राग आहे. त्याचा सगळा खेळ सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, तार षड्जाच्या आसपास. लय द्रुत. नव्या कानाला हातात धरायला काहीतरी लागते, ते येथे लगेच मिळते. दुसरे कारण जरा आतले आहे. अडाणा आणि दरबारी हे दोन्ही कानड्याच्याच कुळातले, स्वर जवळजवळ तेच : कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. फरक आहे तो चालीचा आणि राहण्याच्या जागेचा. अडाणा माडीवर राहतो, दरबारी तळघरात. अडाणा चटकन् बोलून मोकळा होतो. दरबारी प्रत्येक शब्द तोलून, तोही मंद्रात, गंधार-धैवतांना हलकेच झुलवीत बोलतो. म्हणजे जो अडाण्यापासून निघाला तो पुढे केव्हातरी दरबारीपाशी पोचेल तेव्हा त्याला अगदीच परके वाटणार नाही. “ही मंडळी कोठेतरी भेटली आहेत,” एवढे तरी त्याला वाटेल. माझी सगळी वाट ह्या दोन टोकांमध्ये आहे. मधले मुक्काम आता सांगतो.

दुसरा मुक्कामही चित्रपटातलाच, पण बंगाली. तपन सिंहांचा ‘क्षुधित पाषाण’ (१९६०), संगीत उस्ताद अली अकबर खाँ यांचे. त्यात खाँसाहेबांनी प्रतिमा बॅनर्जींबरोबर गायिलेला बागेश्री आहे. येथे लय उतरते, आवाज खाली येतो, आणि खाँसाहेबांच्या आवाजातला तो खास धुरकट मऊपणा प्रथम ध्यानात येतो. ज्याला हा बागेश्री दोनदा ऐकावासा वाटला, त्याची मला पुढे काळजी वाटत नाही.

येथवर आल्यावर माणसाची थोडी ओळख हवी, कारण ह्या गाण्यातल्या काही गोष्टी त्यांच्या बालपणाकडे पाहिल्याशिवाय कळत नाहीत. खाँसाहेबांचा जन्म १९१२ चा. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगिये व बीनकार. भेंडीबाजारच्या गवयांशी त्यांचा संबंध. आई मूल नऊ वर्षांचे असताना गेली. धाकटे भाऊ बशीर खाँ. ते पुढे आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर सारंगी वाजवीत. त्या काळच्या इंदुरात दरबारी गुणीजन पुष्कळ. डागरांचे नसिरुद्दीन खाँ येथले, जहाँगीर खाँसारखे तबलिये येथले, आणि पलीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, देवासला, रजबअली खाँ. बाहेरगावचा गवई इंदुरास आला की शाहमीर खाँच्या घरी त्याचे पाऊल लागल्याशिवाय राहात नसे. पोरगा कोपऱ्यात बसून सगळे ऐकत होता. त्याच्या हाती आधी सारंगी होती; पण वडिलांनी हळूहळू कल गळ्याकडे वळवला, आणि तालीम दिली ती मेरुखंडाची.

‘मेरुखंड’ हा शब्द काढला की वाचक घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. तीन स्वर घ्या : सा, रे, ग. ते किती प्रकारांनी मांडता येतील? सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. झाले, सहा. चार स्वर घेतले तर चोवीस, पाच घेतले तर एकशेवीस, आणि साती स्वर घेतले की ५०४०. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त, म्हणजे तेराव्या शतकात, हे गणित मांडलेले आहे. वहीत लिहून काढायला ते कोणालाही येईल. माझ्या वर्गातली दहा वर्षांची मुले सुट्टीच्या दिवशी काढतात. गळ्यातून, रागाचा नियम न मोडता, आणि ऐकणाऱ्याला ‘गणित चालले आहे’ असा संशय येऊ न देता ते काढणे ही वेगळी गोष्ट. खाँसाहेबांच्या गाण्यात तीन-चार स्वरांचा एक झुबका येतो, तोच किंचित् उलटून पुन्हा येतो, मग त्याचे शेपूट पुढे आणि डोके मागे होते. ऐकणाऱ्याला वाटते, हा मनुष्य एकच गोष्ट बोलतो आहे. आणि तरी ती दर वेळी नवी.

हे प्रत्यक्ष पडताळायचे असेल तर तिसरा मुक्काम हंसध्वनी. कर्नाटकातून आलेला, पाचच स्वरांचा राग : सा, रे, ग, प, नी. मध्यम नाही, धैवत नाही. स्वर शुद्ध आणि मोकळे, मारव्यासारखी कोणतीही भानगड नाही. हिंदुस्थानी गवयांत तो रुळवण्याचे मोठे श्रेय भेंडीबाजारच्या अमानअली खाँकडे जाते, आणि मेरुखंडाच्या बाबतीत खाँसाहेबांवर अमानअलींचा ठसा आहेच. खाँसाहेबांचा हंसध्वनी ऐकताना सरगमेवर लक्ष ठेवा. ते स्वरांची नावे उच्चारून गातात, तेव्हा मेरुखंड अक्षरशः कानाला दिसतो. शिवाय त्यात तराणा आहे, फार्सी शब्दांचा. तराण्यातली ‘दिर दिर तोम्’ ही अक्षरे निरर्थक नसून त्यांच्यामागे फार्सी-अरबी शब्द आहेत आणि त्यांची नाळ अमीर खुस्रोपर्यंत जाते, असे खाँसाहेबांचे मत होते. त्यावर त्यांनी अभ्यास केला, लिहिलेही. विद्वानांना हे मत मान्य असो वा नसो, त्यांचा तराणा इतर गवयांप्रमाणे तबल्याशी झटापट करण्यासाठी नसतो. मधेच रुबाईच्या ओळी येतात, आणि धावती लय असूनही गाणे एकाएकी बोलू लागते.

आता अवघड भाग. विलंबित.

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीची आजी वर्ग सुटेपर्यंत बाहेरच्या खोलीत बसते. बाई नाट्यगीतांवर वाढलेल्या. बालगंधर्वांच्या पदांतली जागान् जागा त्यांना पाठ. एकदा मी खाँसाहेबांचा मेघ लावला होता. पंधराएक मिनिटे झाल्यावर त्यांनी आत डोकावून विचारले, “मास्तर, ह्यांचा अंतरा कधी यायचा?”

मी म्हटले, “आजी, बहुधा यायचाच नाही.”

“म्हणजे? अस्ताईवरच राहायचं?”

“हो.”

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “मग मी उगीच ताटकळले की हो!”

ह्या ‘ताटकळले’ शब्दात आम्हा मराठी श्रोत्यांची सगळी अडचण आली. आमचा कान वाट पाहायला शिकलेला आहे. मुखडा झाला की अंतरा, अंतरा झाला की ताना, ताना झाल्या की टाळी. नाट्यसंगीताने आणि पुढे आपल्या मैफलींनी आम्हांला ही सुखाची सवय लावली. तिला मी नावे ठेवीत नाही. पण खाँसाहेब ह्या रस्त्याने जातच नाहीत. विलंबितात अंतरा ते क्वचितच गात. बोलांशी लयीची कुस्ती नाही, समेवर धाडकन् येणे नाही, तिहाईची आतषबाजी नाही. सम येते ती दिवाणखान्यात कोणी पाऊल न वाजवता येऊन बसावे तशी. पुढे काय येणार म्हणून जो ऐकेल, तो ताटकळणारच. आत्ता काय चालले आहे ते जो ऐकेल, त्याला वेळ पुरत नाही. आजींना मी एवढेच सुचवले की ह्या वेळी अंतऱ्याची वाट पाहू नका. ते ऋषभावर किती वेळा येतात आणि प्रत्येक वेळी कोणत्या बाजूने येतात, तेवढे बघा. पुढल्या आठवड्यात त्यांनी तोच मेघ पुन्हा लावायला सांगितला. बाहेर पाऊस होता. वर्ग सुटल्यावर नात चपला घालून उभी, आणि आजी म्हणतात, “थांब ग, ह्याला ‘सा’वर येऊ दे.”

ही अडचण नवी नाही हेही सांगितले पाहिजे. १९३४ साली खाँसाहेब मुंबईस गेले, काही मैफली केल्या, काही लहान तबकड्या भरल्या. १९३६ त वडिलांच्या सांगण्यावरून रायगढचे (हे छत्तीसगडातले रायगढ) महाराज चक्रधरसिंह यांच्या पदरी राहिले. तेथे ते वर्षभरच टिकले. त्या काळातली हकीकत खाँसाहेब स्वतः सांगत असत. महाराजांच्या वतीने मिर्झापूरला एका परिषदेत गायला बसले असता श्रोत्यांनी पंधरा मिनिटांत गोंगाट करून त्यांना उठवले. संयोजकांनी सुचवले, ठुमरी गा. त्यांनी नकार दिला. ठुमरीकडे आपल्या मनाचा कल नाही, असे कारण दिले. तेव्हा त्यांचे वय चोविशी-पंचविशीचे. पुढल्याच वर्षी, १९३७ साली, वडील वारले. पुढे चित्रपटासाठी क्वचित् त्या ढंगाचे गायले असतील, पण मैफलीत ठुमरी गाऊन लोकांना जिंकण्याचा सोपा रस्ता त्यांनी अखेरपर्यंत धरला नाही. मला ह्या हकीकतीत हट्टापेक्षा स्वतःच्या गळ्याची आणि वृत्तीची अचूक पारख अधिक दिसते. श्रोत्यांनी त्यांच्याकडे यायला पुढे पंधरा-वीस वर्षे घेतली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला तो १९६७ त, पद्मभूषण १९७१ त.

विलंबितासाठी दोन-चार व्यवहाराच्या सूचना करतो. खाँसाहेबांचा आवडता ठेका झूमरा. मात्रा चौदा, खंड तीन-चार-तीन-चार. ते ज्या लयीत तो घेतात त्या लयीत एक आवर्तन मिनिटाच्या आसपास जाते, तेव्हा मात्रा मोजण्याच्या फंदात पडू नये. मोजणारा गाण्याला मुकतो. तबलजीला त्यांनी ठेका साधा, भरीव आणि न हलणारा ठेवायला लावलेला असतो. त्यातला ‘तिरकिट’ कानात भरून घ्यावा. तो चार वेळा येतो, आणि चौथ्या वेळी आला की पाठोपाठ सम. एवढी खूण पुरे. आठवडाभरात समेची चाहूल आपोआप लागते.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची, आणि ती गाण्याची नव्हे, यंत्राची आहे. खाँसाहेबांचे गाणे मोबाईलच्या पोटातल्या एवढ्याशा स्पीकरवर ऐकू नये. त्यांच्या गाण्याचा पाया मंद्र सप्तकात, आणि त्या इवल्या स्पीकरला खर्जाचे मूळ स्वर पेलतच नाहीत. वरचे अंश तेवढे बाहेर पडतात आणि बाकीचे कान अंदाजाने भरून काढतो. लतादीदींचे गाणे ह्यातून तगून जाईल, खाँसाहेबांचे जाणार नाही. “आवाज जरा बसका वाटतो,” “गाण्यात जोम नाही,” अशा तक्रारी घेऊन आलेल्यांना मी आधी विचारतो, कशावर ऐकलेत? दोन कानांत घालायची साधी नळी असली तरी चालेल. माळ्यावरचा जुना स्पीकर खाली काढला तर उत्तम. तंबोऱ्याचा खर्ज छातीत जाणवला पाहिजे. खाँसाहेब पुष्कळदा सहा तारांचे तंबोरे वापरीत. त्या झंकारात आवाज बुडवून काढण्याची त्यांची पद्धत होती, आणि तो झंकारच गाळला तर उरते ते गाण्याचे टिपण.

तिसरी सूचना : एका वेळी एकच ध्वनिमुद्रण, आणि तेच सात-आठ दिवस. आज हजार गाणी बोटाच्या टोकाशी आहेत म्हणून आपण हजारांची चव घेतो आणि एकही जेवत नाही. एका तबकडीची एक बाजू वीसेक मिनिटांची. सराफ्यात रात्री भुट्ट्याच्या किसासाठी आपण त्याहून जास्त वेळ उभे राहतो. पहिली पाच मिनिटे मात्र पुढे ढकलू नका. “आधी काही होतच नाही,” असे म्हणून ती वगळणारे लोक आहेत. रागाचे सगळे कायदे तेथेच सांगितले जातात. ते न ऐकता पुढचे ऐकणे म्हणजे पत्त्यांचा डाव नियम न विचारता बघत बसणे.

मेघाचा उल्लेख वर आलाच आहे. विलंबितातला पहिला मुक्काम मी तोच ठेवतो. एका बाजूस ललत आणि दुसऱ्या बाजूस मेघ अशी ती दुसरी दीर्घ तबकडी. मेघात खाँसाहेब गंधार आणि धैवत घेत नाहीत. सा, रे, म, प आणि कोमल निषाद एवढ्याच भांडवलावर सगळा व्यापार. मध्यमावरून ऋषभावर जी घसरण येते ती ऐकावी. माळव्यातला पाऊस दरडी कोसळवणारा नसतो. काळी जमीन आधी वास सोडते, मग संथपणे पाणी पिते. मला हा मेघ अस्सल माळवी वाटतो; ह्याला शास्त्राचा आधार नाही, पण कोणी आव्हान दिल्यास जुलैच्या एखाद्या संध्याकाळी घरी यावे. ललत त्यानंतर. त्यात दोन मध्यम शेजारी-शेजारी, पंचम नाही. म्हणजे मारव्याची पूर्वतयारी आपोआप होते. पहाटे ऐकावा असा संकेत आहे. पहाटे उठणे जमत नसेल तर रात्री ऐका, पण ऐका.

येथे एका शब्दाविषयी माझी तक्रार नोंदवून ठेवतो. खाँसाहेबांच्या गाण्याबद्दल लिहिताना सगळे ‘समाधी’, ‘ध्यान’, ‘अलौकिक शांती’ हे शब्द वापरतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. नवा माणूस शांती मिळावी म्हणून बसतो आणि त्याला झोप मिळते. मग अपराधी वाटते. वास्तविक हे गाणे कमालीचे जागे आहे. ह्यात एक बुद्धिमान मनुष्य प्रत्येक क्षणी निवड करतो आहे : ह्या स्वरसमूहाला इकडून उलटू की तिकडून, येथे थांबू की अर्ध्या मात्रेने पुढे सरकू. त्यांच्या ताना ऐकल्या म्हणजे हे स्पष्ट होते. विलंबितात निवांत बसलेला आवाज एकदम असा काही वळसे घेत धावतो की पट्टीचा गवई हातातला पेला खाली ठेवील. ह्या तानांत देवासच्या रजबअली खाँची (१८७४–१९५९) आठवण आहे हे जुने लोक सांगत, आणि रजबअलींच्या ज्या काही तबकड्या आहेत त्या शेजारी ठेवून ऐकल्या तर ते पटते. लय मात्र किराण्याच्या अब्दुल वहीद खाँची. वहीद खाँ प्रत्यक्ष समोर बसवून शिकवायला नव्हते. खाँसाहेबांनी त्यांना पुष्कळसे रेडिओवरून ऐकून मुरवले. एकाची तान, दुसऱ्याची लय, तिसऱ्याचा मेरुखंड. एवढे तीन हिशेब एका गळ्यात जुळवणारा माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला होता असे कोणी समजू नये.

‘घराणे’ म्हणावे की नाही ह्यावर पंडितांत वाद आहे. तीन पिढ्या झाल्याशिवाय घराणे नाही असे नियम सांगणारे सांगतात. पं. अमरनाथ, सिंहबंधू, श्रीकांत बाक्रे, कंकणा बॅनर्जी असे शिष्य, सतारीवर निखिल बॅनर्जींची आलापी, इंदुरातच पं. गोकुळोत्सवजी महाराजांचे गाणे. पुढे रशीद खाँ, मूळ घराणे वेगळे असूनही. इतक्या ठिकाणी जे पाझरले त्याला कोणते नाव द्यायचे हे ज्याने त्याने ठरवावे. अमरनाथांनी गुरूंवर लिहिलेले ‘इंदौर के मसीहा’ हे हिंदी पुस्तक मिळाल्यास वाचावे, पण वाट निम्मी चालून झाल्यावर.

असा दोन-तीन महिन्यांचा प्रवास झाला की मग मारवा. आता पंचम नसल्याची सवय ललताने लावलेली असते, झूमऱ्याचा तिरकिट ओळखीचा झालेला असतो, आणि अंतऱ्याची वाट पाहणे सुटलेले असते. मारवा सूर्य मावळताना लावावा. दिवा लागलेला नाही आणि उजेडही गेलेला आहे, अशा वेळी. खाँसाहेब कोमल ऋषभावर थांबतात, आपला कान म्हणतो आता षड्ज, आणि ते धैवताकडे वळतात. असे तीन-चारदा झाल्यावर एकदा, अगदी साधेपणाने, षड्ज लागतो. तेवढ्या एका ‘सा’साठी हा सगळा खटाटोप आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. काहींना तो पहिल्या वेळी कळतो, काहींना पाचव्या.

आणि दरबारी सर्वांत शेवटी, रात्री, घर निजल्यावर. तत्पूर्वी एकदा ‘झनक झनक’चा अडाणा ऐकून घ्या. मग तबकडीची दुसरी बाजू. तेच स्वर जिना उतरून खाली आलेले दिसतील. मंद्रातल्या धैवतापाशी खाँसाहेब इतके सावकाश जातात की तो स्वर लागला केव्हा आणि झुलू लागला केव्हा हे सांगता येत नाही. गंधाराचेही तेच. घाई करणारा श्रोता येथे मागे राहतो. शेवटी फार्सी तराणा येतो. हंसध्वनीत भेटलेला तो ढंग येथे रात्रीच्या पोशाखात.

१३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यास मोटार-अपघातात खाँसाहेब गेले, आणि तेथेच त्यांची कबर आहे. त्यांच्या हयातीत निघालेल्या मोठ्या तबकड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मैफलींची आणि आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे मात्र नंतर पुष्कळ बाहेर आली. अभोगी, मालकंस, शुद्ध कल्याण, रागेश्री, कोमल ऋषभ आसावरी, बैरागी. त्यांत कोठे तंबोरा उतरलेला, कोठे कोणी खोकते आहे, कोठे फीत मध्येच संपते. दरबारीपर्यंत आलेल्या माणसाला ह्यातले काहीच आड येत नाही. त्याने अभोगीपासून पुढे निघावे.